कुठेच नसलेलं व्हर्जन

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे खाली कुणी दाखवून द्यायला नको. या सदरात दुसऱ्यांच्या अनुभवांखाली "झोप पूर्ण घ्या", "पित्त झालं असेल" असं लिहिणारा जो एक आगाऊ माणूस आहे ना... तो मीच. भूत, आत्मा, संकेत या कशावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे पेशानेच संशयी. समोरचा "झालं" म्हणाला की त्याला "दाखव" म्हणायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण मनात ठेवून ठेवून आता जड झालंय, म्हणून लिहितो.

मी चिखलोलीला राहतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, स्टेशन होणार होणार म्हणून ज्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या त्यातल्याच एकीत. माझ्या आईची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात असते. खाली गाळ्यात छापखाना, वर घर. एका बाजूला जीन्स शिवणाऱ्यांची घरघर, दुसऱ्या बाजूला सिंधी शेटचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं दुकान. छापखाना मावसांचा, मुख्य काम लग्नपत्रिकांचं. मावसा मूळचे जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून ओळ जुळवणारे. पुढे कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, काही वर्षांनी मावसाही गेले, आणि छापखाना निलेशकडे आला.

निलेश माझा मावसभाऊ. आम्ही एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो. मी नोकरीला लागलो, तो गाळ्यात बसला. खरं सांगायचं तर आमच्या दोघांत हुशार तोच होता. हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर दिवसभर मला चहा आणायला पिटाळलं असतं.

त्या छापखान्याची एक रीत होती. पत्रिका मशीनवर जायच्या आधी प्रूफ मोठ्याने वाचायचं. वाचणार मावशी. टिंब, स्वल्पविराम, सगळं तोंडाने म्हणत. आणि समोरचा गिऱ्हाइकाच्या मूळ कागदावर बोट फिरवत मिळवून बघणार. "बरोबर हाय, घे छापायला," असं तिने म्हटल्याशिवाय मशीन सुरू व्हायचं नाही. एकदा सीझनच्या घाईत न वाचताच एक पत्रिका छापली गेली, आणि नवरीच्या जागी नवरीच्या आईचं नाव पडलं! ते वऱ्हाड गाळ्यावर कसं चालून आलं होतं, याची गोष्ट मावसा शेवटपर्यंत रंगवून सांगायचे.

आता थोडं कॉम्प्युटरचं. घाबरू नका, थोडंच आहे.

पूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आजच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसते किडेमकोडे दिसतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. ते किडेमकोडे पुन्हा वाचण्याजोग्या मराठीत आणणारं एक छोटं पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्राम, निलेशने लिहिलं आणि इंटरनेटवर फुकट टाकलं. नाव ठेवलं 'जुळारी'. वडिलांसाठी, दुसरं काय. हळूहळू कुठली कुठली वाचनालयं, छोटे छापखाने ते वापरायला लागले.

अशा पॅकेजला टेस्ट असतात. ही ओळ आत टाकली की ही ओळच बाहेर यायला हवी. आली तर हिरवं, नाही आली तर लाल. निलेशच्या टेस्टमधल्या सगळ्या ओळी छापखान्यातल्या जुन्या पत्रिकांच्या. आणि नवी ओळ घालायची झाली की हा पठ्ठ्या जिन्यातून हाक मारून मावशीला खाली बोलवायचा, ती ओळ तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचा, ती "बरोबर हाय" म्हणाली की मगच टेस्ट पक्की. मी हसायचो. तो म्हणायचा, "हस तू. तुमच्या कंपनीत सगळं आहे, पण आई आहे का?"

तर या टेस्ट चालवायला वेगळी अवजारं लागतात. जो पॅकेज वापरतो त्याला ती लागत नाहीत, त्याला ती आहेत हेही ठाऊक नसतं. फक्त तपासणीपुरती. निलेशकडे तीन होती: एक म्हणजे मूळ भाषा, पायथन. दुसरं, टेस्ट चालवणारं परदेशी टूल. आणि तिसरं त्याने स्वतः लिहिलेलं एक छोटं मदतनीस, त्याचं नाव 'प्रूफ'. या तिघांची व्हर्जन एकमेकांना मानवावी लागतात. मानवली नाहीत तर सोयरीक जुळवताना होतं तेच. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, आणि मामा रुसून बसलेला. नवं पायथन आलं तेव्हा जुनं टूल त्यावर चालेना. नवं टूल घेतलं तर प्रूफचं २.३ अडखळायला लागलं. बाकी सगळ्या टेस्ट हिरव्या, शेवटची एक लाल.

"होत आलंय रे," तो मला फोनवर म्हणाला होता. "प्रूफचं २.४ डोक्यात तयार आहे. फक्त उतरवायचं बाकी. एकदा हिरवं दिसलं की नवं व्हर्जन सोडतो."

त्याला तीच खोड होती. डोक्यात पूर्ण झाल्याशिवाय की-बोर्डला हात लावायचा नाही.

मग कावीळ झाली. साधी वाटली. मी भेटायला गेलो तेव्हा ऊस चघळत बसला होता, मला म्हणाला, "डोळे पिवळे, टेस्ट लाल, हिरवंच काय ते दिसत नाही." मी म्हटलं, आधी बरा हो. दोन दिवसांनी ॲडमिट केला, आणि त्यानंतर तो घरी आला नाही. मागे सारिकावहिनी, त्यांची बालवाडीतली मुलगी, आणि मावशी.

दहावा बदलापूरला, उल्हास नदीच्या घाटावर झाला, कारण मावसांचं मूळ घर कुळगावचं. पिंड ठेवले. झाडावर कावळे होते, एक नाही, चांगले पाच-सात. पण खाली एकही उतरेना. बाजूला दुसऱ्या कुणाचे पिंड होते त्यांना ठेवल्या ठेवल्या शिवून गेले, आणि निलेशचे तसेच. मग नेहमीप्रमाणे सुरू झालं. वहिनींचा भाऊ पुढे होऊन म्हणाला, "भावोजी, छकुलीची काळजी करू नका, मी आहे." चुलत्यांनी हात जोडून छापखाना बंद पडू देणार नाही म्हणून सांगितलं. मीसुद्धा — मी, पित्तवाला — पुढे जाऊन पुटपुटलो की मावशीकडे बघेन. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही निघालो.

मी मनात म्हटलं, कावळ्यांची पोटं भरली असतील. पण मावशी त्या दिवसापासून मिटली.

ती रडायची नाही. तेच वाईट होतं. खाली गाळ्यात निलेशच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर येऊन बसायची, कॉम्प्युटर बंद करू द्यायची नाही, आणि प्रूफ वाचायला बसवलं तर कागद तसाच हातात धरून राहायची. वहिनी बिचाऱ्या एकट्याने काम ओढत होत्या. आई मला म्हणाली, "ताई जेवत नाही रे. सारखं तिचं एकच, माझ्या पोराचं काय राहिलं? तू त्याच्या लाइनमधला. बघ जरा."

म्हणून मी दर रविवारी चार नंबरला जायला लागलो. सकाळी जायचो, संध्याकाळी परत.

पहिलं काम केलं ते २.४ शोधायचं. कॉम्प्युटरचा कोपरा न् कोपरा पालथा घातला. पेन ड्राइव्ह, त्याचा फोन, इंटरनेटवरचं खातं, सगळं. २.४ ची एक ओळसुद्धा कुठे नव्हती. जे होतं ते सगळं त्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं आम्ही घाटावर... असो. लिहवत नाही.

मग म्हटलं, आपणच करू. दुसऱ्याने लिहिलेलं मदतनीस दुरुस्त करणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधणं. शेवटची टेस्ट हिरवी करायला जावं तर आधीच्या लाल व्हायच्या. त्या सावराव्यात तर शेवटची पुन्हा लाल. मी केलेले सगळे बदल काढून टाकले, मूळ २.३ तसंच ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून. मागे स्टुलावर मावशी. ती स्क्रीनकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

ज्या रविवारचं सांगतोय त्या दिवशी दुपारचे जेमतेम दोन वाजले असतील. शेजारची शिलाई मशीनं चालू, बाहेर खोके भरलेला टेम्पो उभा, सिंधी शेट कुणाला तरी "अरे साईं, संभालके" म्हणून ओरडतोय. अमानवीय वगैरे घडावं असं वातावरण अजिबात नव्हतं, एवढंच सांगायचंय. वहिनी छकुलीला घेऊन वर गेल्या होत्या. मी टेस्ट चालवली. शेवटची लाल. मी खुर्ची मागे सरकवली.

"मावशी, नाही होत गं," मी म्हणालो. "मला जमत नाहीये. त्याला जमलं असतं."

ती स्क्रीनकडेच बघत होती. मग म्हणाली, "ती लाल कुठली रं? काय लिवलंय तिच्यात?"

खरं तर मी तोपर्यंत ती ओळ ओळ म्हणून वाचलीच नव्हती. माझ्या लेखी ती शेवटची टेस्ट होती, बस. मी नीट बघितलं. ती निलेशच्याच लग्नाची पत्रिका होती. मावसांनी स्वतः बसून टाइप केलेली, त्या जुन्या फॉन्टमधली.

"दुसरी बघू," मी म्हणालो. "चहा सांगू का?"

"माझ्यापासून नको लपवू, बाला. मना ठाव हाय ती कुठली." तिने पदर डोळ्यांना लावला नाही, फक्त हातात घट्ट धरला. "कावीळ झाली त्याच्या आदल्या दिवशी मना हाक मारली त्याने. आई, खाली ये, एवढी एक ओळ वाचून दे. मी वर मासळी साफ करत होते. हात भरलेले. म्हटलं, उद्या वाचते. तो म्हणला, बरं, उद्या." ती थांबली. "मग उद्या ताप आला."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"घाटावर सगळी बोलली," मावशी म्हणाली. "पोरीचं बोलली, धंद्याचं बोलली. मना ठाव होतं कावळा कशाला थांबलाय ते. पण एवढ्या लोकांत कसं सांगू, का माझ्या पोराचं एक ओळ वाचायचं राहिलंय? हसली असती माणसं."

"कुणी हसलं नसतं गं."

"तू हसला असता."

हसलो असतो. खोटं कशाला बोलू.

मग ती उठली. स्टूल पुढे ओढून स्क्रीनसमोर बसली, चष्मा पदराने पुसून डोळ्यांवर चढवला. मला म्हणाली, "बोट ठेव." मी स्क्रीनवर त्या ओळीखाली बोट ठेवलं. आणि तिने वाचायला सुरुवात केली, प्रूफ वाचायच्या त्या सपाट, एकसुरी आवाजात. तो आवाज मी लहानपणी जिन्यावर बसून तासन् तास ऐकलाय.

"आमच्या येथे श्रीकृपेकरून... आमचे सुपुत्र... ची टिंब..."

इथे ती अडकली. 'चि.' म्हणजे चिरंजीव. हे तिने हजारो पोरांच्या नावाआधी वाचलं असेल. तिचा श्वास लागलेला मला ऐकू येत होता. मी बोट काढायला गेलो, तर तिने माझं मनगट धरून ते परत होतं तिथे ठेवलं.

"...ची टिंब निलेश, याचा शुभविवाह, ची टिंब सौ टिंब कां टिंब सारिका, हिच्याशी करण्याचे योजिले आहे. पूर्णविराम."

आणि मग, थोडं थांबून, "बरोबर हाय. घे छापायला."

मी का केलं माहीत नाही. ती "घे" म्हणाली आणि हाताने आपसूक तेच बटण दाबलं. मी एक अक्षर बदललं नव्हतं. तेच पायथन, तेच टूल, तेच अडखळणारं मदतनीस. ओळी सरकायला लागल्या. हिरवी, हिरवी, हिरवी... आणि शेवटची. हिरवी.

मी टेस्टर आहे. आनंद व्हायच्या आधी मला संशय येतो. टेस्ट सुरू होताना स्क्रीनवर सगळ्यात वरती एक ओळ येते, कोणतं अवजार कोणत्या व्हर्जनचं चाललंय ते सांगणारी. काय चुकून हिरवं झालं ते बघायला मी वर सरकवलं.

तिथे लिहिलं होतं: प्रूफ २.४.

मी फोन काढून स्क्रीनचा फोटो घेतला, पहिला हललेला आला, म्हणून दुसरा घेतला. मग पुन्हा टेस्ट चालवली. वरती प्रूफ २.३. शेवटची टेस्ट लाल. पुन्हा चालवली, लाल. त्यानंतर जितक्या वेळा चालवली तितक्या वेळा लाल.

मावशीने हे सगळं बघितलं नाही. ती हिरव्यावरच थांबली होती.

"हिरवं म्हणजे झालं ना रं?" तिने विचारलं.

मी काय सांगणार होतो? सांगणार होतो की मावशी, हे धरायचं नसतं, पुन्हा चालवून तसंच आलं तरच खरं? मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलोय. त्या दिवशी नाही सांगितलं.

"हो," मी म्हणालो. "झालं."

"मग शिवला म्हणायचा," ती म्हणाली, आणि निलेश गेल्यापासून पहिल्यांदा तिला रडू फुटलं. हमसून हमसून रडली. वरून वहिनी धावत आल्या, त्यांना वाटलं मीच काहीतरी बोललो. त्या दिवशी मावशी आमच्याबरोबर जेवली. थोडंच, पण स्वतःहून वाढून घेऊन. पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला की आई पुन्हा प्रूफ वाचायला बसल्या आहेत आणि एका पत्रिकेतली चूक काढून गिऱ्हाइकालाच दटावलंय.

आता तुमच्या मनात जे येतंय ते सगळं माझ्या मनात येऊन गेलंय. मशीनमध्ये कुठेतरी अर्धवट २.४ पडून असेल आणि चुकून तेच उचललं गेलं असेल. मी त्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क काढून ऑफिसातल्या एका जाणकाराला दाखवली. पुसलेल्या फाइली परत आणण्यात तो वाकबगार. त्याला २.४ चा मागमूसही मिळाला नाही. दुसरा म्हणाला, काही टेस्ट लहरी असतात, कधी हिरव्या, कधी लाल. बरोबर आहे, असतात, माझं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात गेलंय. पण लहरी टेस्ट झाली तरी न लिहिलेल्या व्हर्जनचा आकडा कुठून आणेल? तिसऱ्याने फोटो बघून मलाच विचारलं, "तू एडिट केलास का रे?" त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

घाटावर मी मावशीकडे बघेन म्हणून पुटपुटलो होतो. त्यात 'जुळारी' आपोआप आलंच. बऱ्याच महिन्यांनी, दोन-चार जणांची मदत घेऊन, मी प्रूफ एकदाचं दुरुस्त केलं. सगळं हिरवं, कितीही वेळा चालवा. माझी दुरुस्ती ओबडधोबड आहे, निलेशने नाक मुरडलं असतं. नव्या टेस्टच्या ओळी आता मी फोनवर मावशीकडून वाचून घेतो.

सोडताना व्हर्जनचा आकडा टाकायची वेळ आली. २.३ नंतर २.४ यायला हवं, पोरंसोरंही सांगतील. मी टाइप केलं, आणि बघत बसलो. मग पुसलं आणि २.५ घातलं.

मध्यंतरी कुठल्याशा वाचनालयातल्या एका मुलीचं विचारणं आलं. तिला सगळी व्हर्जन ओळीने जमवून ठेवायची होती. २.३ मिळालं, २.५ मिळालं, मधलं २.४ राहून गेलंय का, की काढून टाकलंत, असं तिने अगदी अदबीने विचारलं होतं. मी उत्तरात मोठं स्पष्टीकरण लिहिलं, मग ते सगळं खोडलं. याचं माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, पण झोपेचं आणि पित्ताचं सोडून.

तिला शेवटी एवढंच कळवलं, की २.४ निलेशचं आहे. ते निघालं होतं. एकदाच चाललं, आणि त्याच्या आईने ते तपासलंय.